तिसऱ्या क्रमांकाचा माणूस

२००२ सालच्या मार्च महिन्याच्या अखेरीस पाकिस्तानातील फैसलाबाद शहरात एका घरावर रात्री छापा पडला. पाकिस्तानी पोलीस आणि अमेरिकेचे गुप्तचर अधिकारी यांनी मिळून घातलेल्या या छाप्यात गोळीबार झाला आणि एकतीस वर्षांचा एक पॅलेस्टिनी इसम गंभीर जखमी अवस्थेत हाती लागला. जगाला त्याचे नाव अबू झुबैदा असे सांगण्यात आले. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळून त्या वेळी सहा महिने लोटले होते. ओसामा बिन लादेन सापडलेला नव्हता, अफगाणिस्तानातील युद्धाचा शेवट दिसत नव्हता आणि अमेरिकन जनता एखाद्या ठोस यशाची वाट पाहत होती. अशा वेळी हाती आलेला माणूस लहान असून चालणार नव्हते.

९ एप्रिल रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी आपल्या पक्षाच्या एका निधिसंकलन समारंभात हे यश जाहीर केले. अमेरिकेवर मृत्यू आणि विनाश लादण्याचे बेत आखणाऱ्या अग्रगण्य सूत्रधारांपैकी हा एक आहे, आणि आता तो असले बेत आखू शकणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. अधिकाऱ्यांनी वार्ताहरांना आणखी तपशील पुरविले आणि थोड्याच दिवसांत जगभरच्या वृत्तपत्रांत अबू झुबैदा हा 'अल कायदाचा तिसऱ्या क्रमांकाचा नेता' म्हणून स्थिर झाला.

हा क्रमांक कोणी दिला आणि कोणत्या कागदाच्या आधारे दिला, असा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही. सरकारी कचेरीत सेवाज्येष्ठतेची यादी असते. तिच्यात तिसरा कोण आणि तेरावा कोण हे ठरविण्यासाठी नेमणुकीची तारीख, गोपनीय अहवाल, हरकती आणि त्यांवरील निर्णय असा सगळा व्याप असतो. एखाद्या कारकुनाला एक पायरी वर चढवायचे झाले तरी टिपणीवर चार सह्या लागतात. परंतु एका माणसाला जगातील सर्वांत भयंकर संघटनेत तिसऱ्या पायरीवर बसवायला एका भाषणाची आणि नाव न सांगणाऱ्या अधिकाऱ्याच्या एका वाक्याची गरज पुरली.

पदवीमागून आलेला छळ

ही केवळ प्रसिद्धीची हौस असती तर तिच्याकडे दुर्लक्ष करता आले असते. पण सरकारने दिलेली पदवी ही निरुपद्रवी वस्तू नसते. तिच्या जोरावर पुढची कृत्ये घडतात. अबू झुबैदाला थायलंडमधील एका गुप्त तुरुंगात नेण्यात आले. तेथे प्रारंभी एफ. बी. आय. या तपासयंत्रणेच्या अधिकाऱ्यांनी नेहमीच्या पद्धतीने, त्याच्या जखमांची शुश्रूषा करीत, त्याच्याशी बोलून बरीच उपयुक्त माहिती मिळविली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यामागे खालिद शेख महंमद असल्याचे याच संभाषणांतून स्पष्ट झाले. तथापि सी. आय. ए. या गुप्तचर संस्थेचे समाधान झाले नाही. इतक्या वरच्या दर्जाच्या नेत्याला भावी हल्ल्यांची माहिती असलीच पाहिजे, ती तो सांगत नाही याचा अर्थ तो ती दडवतो आहे, असा तिचा तर्क होता. वस्तुतः तो सांगत नाही याचा दुसराही एक अर्थ संभवत होता. तो म्हणजे त्याला ती ठाऊकच नव्हती. परंतु हा अर्थ स्वीकारायचा तर राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलेला दर्जाच खोटा ठरला असता.

१ ऑगस्ट २००२ रोजी अमेरिकेच्या न्यायखात्याने एक गुप्त टिपण तयार केले. अबू झुबैदावर कोणते उपाय योजले तर ते कायद्याच्या व्याख्येनुसार छळ ठरणार नाहीत, हे त्यात सांगितले होते. टिपणाचा सगळा आधार त्याच्या कथित दर्जावर होता. तो अल कायदातील तिसरा किंवा चौथा माणूस आहे, असे त्यात नमूद केले होते. आपला सल्ला या माहितीपुरताच मर्यादित आहे आणि ती बदलली तर तो लागू होईलच असे नाही, असेही टिपण लिहिणाऱ्यांनी सावधपणे लिहून ठेवले. माहिती बदलली नाही, कारण ती बदलावी अशी कोणाचीच इच्छा नव्हती.

पुढे काय घडले ते अमेरिकेच्याच सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात आहे. माणसाला फळीवर बांधून, तोंडावर कापड टाकून त्यावर पाणी ओतायचे, म्हणजे बुडून मरत असल्याचा अनुभव त्याला येतो. हा प्रकार ऑगस्ट २००२ या एका महिन्यात त्याच्यावर ८३ वेळा करण्यात आला. शवपेटीच्या आकाराच्या खोक्यात त्याला एकूण २६६ तास आणि त्याहून लहान, धड बसताही येणार नाही अशा खोक्यात २९ तास कोंडण्यात आले. हे सुरू होण्यापूर्वीच चौकशी अधिकाऱ्यांनी मुख्यालयाकडून एक आश्वासन मागितले होते. या माणसाला उरलेले आयुष्यभर एकांतात, बाहेरच्या जगाशी कोणताही संपर्क होणार नाही अशा रीतीने ठेवले जावे, अशी त्यांची अपेक्षा होती. त्याप्रमाणे सर्व संबंधितांची संमती असल्याचे उत्तरही त्यांना मिळाले. न्यायालयासमोर उभे करण्याचा विचार ज्याच्याबाबत आरंभीच सोडून दिला, त्याचा अपराध सिद्ध करण्याची चिंता कोणाला असणार?

पुढे हळूहळू वस्तुस्थिती सरकारच्याच कागदांत उतरू लागली. अबू झुबैदा हा अफगाणिस्तानातील खालदान नावाच्या प्रशिक्षण छावणीशी संबंधित होता. तेथे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या प्रवासाची, पारपत्रांची, राहण्याची सोय तो पाहत असे. म्हणजे तो या व्यवहाराबाहेरचा होता असे नव्हे. परंतु ती छावणी अल कायदाची नव्हती आणि हा माणूस त्या संघटनेचा वरिष्ठ नेता असल्याचे पूर्वीचे अहवाल चुकीचे होते, असा निष्कर्ष सी. आय. ए.ने १६ ऑगस्ट २००६ च्या एका अंतर्गत अहवालात नोंदविला. त्यानंतर तीन आठवड्यांनी, ६ सप्टेंबर २००६ रोजी, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी व्हाइट हाउसमधून भाषण केले. त्यात अबू झुबैदा हा ज्येष्ठ दहशतवादी नेता आणि बिन लादेनचा विश्वासू सहकारी असल्याचे आपले मत असल्याचे त्यांनी पुन्हा सांगितले. कपाटातला कागद एक सांगत होता आणि व्यासपीठावरचा आवाज दुसरे. जगाने अर्थातच आवाज ऐकला.

अखेर २००९ साली वॉशिंग्टनच्या न्यायालयात अमेरिकन सरकारने लेखी सांगितले, की अबू झुबैदा अल कायदाचा सदस्य होता किंवा ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात त्याचा प्रत्यक्ष हात होता, असे आपले म्हणणे नाही. हे सांगण्यासाठी कोणी पत्रकार परिषद बोलावली नाही. एका दाव्याच्या शेकडो पानांत ही कबुली विसावली. दरम्यान त्याच्या चौकशीचे चित्रण असलेल्या ध्वनिचित्रफितीही २००५ साली नष्ट करण्यात आल्या होत्या. २००६ पासून तो ग्वांतानामोच्या तुरुंगात आहे. २०२५ साल उलटेपर्यंत त्याच्यावर कोणत्याही न्यायालयात साधे आरोपपत्रही दाखल झाले नव्हते. पदवी गेली, कोठडी राहिली.

मॉस्कोहून आलेली बातमी

हा एकटाच दाखला असता तर त्याला अपवाद म्हणता आले असते. परंतु अबू झुबैदाच्याच जबानीतून दुसरा दाखला निर्माण झाला. होझे पदिला या अमेरिकन नागरिकाला मे २००२ मध्ये शिकागोच्या विमानतळावर अटक झाली. महिनाभर गप्प राहून १० जूनला महान्यायवादी जॉन अॅशक्रॉफ्ट यांनी, ते मॉस्कोच्या दौऱ्यावर असताना, तेथूनच दूरचित्रवाणीवर घोषणा केली. किरणोत्सारी द्रव्ये पसरविणाऱ्या बॉम्बचा कट उधळल्याचे त्यांनी सांगितले. देश हादरला. संरक्षणखात्याचे उपमंत्री पॉल वुल्फोविट्झ यांनी लगेचच, सैलसर बोलण्यापलीकडे हा कट फारसा गेलेला नव्हता, असे कबूल केले. पण तोवर घोषणेचे काम होऊन गेले होते. अणुबॉम्ब बनविण्याची जी युक्ती या कटाच्या मुळाशी होती ती एका उपहासात्मक लेखातून उचललेली होती आणि कट अव्यवहार्य असल्याचे गुप्तचर संस्थांचेच मत होते, हे पुढे सिनेट समितीने उघड केले.

पदिलाला साडेतीन वर्षे नाविक दलाच्या तुरुंगात, त्यातील बराच काळ वकिलाचीही भेट होऊ न देता, ठेवण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याची चिन्हे दिसताच नोव्हेंबर २००५ मध्ये त्याच्यावर आरोपपत्र दाखल झाले. त्यात त्या बॉम्बचा उल्लेखच नव्हता. परदेशातील हिंसक कारवायांना साहाय्य केल्याच्या आरोपावरून तो दोषी ठरला आणि त्याला आधी सतरा वर्षे चार महिन्यांची व २०१४ साली ती वाढवून एकवीस वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा लहान नाही आणि ती न्यायालयाने पुरावा पाहून दिली. पण ज्या अपराधासाठी त्याचे नाव घराघरांत पोचले, त्या अपराधासाठी त्याच्यावर खटला कधी चाललाच नाही.

मोठेपणा कोणाला हवा असतो?

पकडलेल्या किंवा मारलेल्या माणसाचे मोठेपण वाढविण्यात कोणाचा लाभ असतो, असे विचारले तर उत्तर चमत्कारिक आहे. कारण बहुतेक सगळ्यांचाच असतो. सत्ताधाऱ्यांना विजय मिळतो. गुप्तचर संस्थेला अंदाजपत्रकातील वाढीव तरतुदीचे समर्थन मिळते. मित्रराष्ट्राला निष्ठेचे प्रमाणपत्र आणि पुष्कळदा रोख बक्षीस मिळते. पाकिस्तानचे तत्कालीन अध्यक्ष परवेझ मुशर्रफ यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात, ३६९ जणांना अमेरिकेच्या स्वाधीन करून आपल्या देशाने लक्षावधी डॉलरांची बक्षिसे मिळविली, असे अभिमानाने लिहिले आहे. माल विकणारा मालाची प्रत कमी कशी सांगेल? वृत्तपत्रांना ठळक मथळा मिळतो. इतकेच काय, दहशतवादी संघटनेलाही आपल्या सामान्य हस्तकाचा सेनापती झालेला पाहून आनंदच होतो. या व्यवहारात ज्याचे नुकसान होते तो एक तर कोठडीत असतो किंवा कबरीत; आणि दुसरे नुकसान होते ते वाचकाचे, पण त्याला ते कळत नाही.

त्यामुळेच अल कायदाचा 'तिसरा क्रमांक' वारंवार हाती लागला. २००२ मध्ये अबू झुबैदा, २००३ मध्ये खालिद शेख महंमद, मे २००५ मध्ये अबू फराज अल लिब्बी, त्याच वर्षाच्या अखेरीस हमजा रबिया आणि २०१० मध्ये मुस्तफा अबू अल यझिद. या सर्वांना त्या त्या वेळी अधिकाऱ्यांनी किंवा वृत्तसंस्थांनी तिसरे आसन दिले. यांतील काही खरोखरच महत्त्वाचे होते. खालिद शेख महंमद हा ११ सप्टेंबरच्या कटाचा मुख्य योजक असल्याचे सर्वमान्य आहे. पण खरे मोठे आणि बनविलेले मोठे यांना एकच बिल्ला लावला, की कोण खरे आणि कोण बनविलेले हे सांगण्याचे साधनच नष्ट होते.

इराकमधील अनुभव याहून बोलका आहे. तेथील अबू मुसाब अल झरकावी हा क्रूर मारेकरी होता, यात शंका नाही. परंतु इराकमधील सारा उठाव परक्या माणसांनी चालविला आहे हे पटविणे सोयीचे असल्यामुळे अमेरिकन सैन्याने प्रचारमोहीम चालवून त्याचे माहात्म्य हेतुपुरस्सर वाढविले. हे लष्कराच्याच अंतर्गत कागदपत्रांवरून २००६ साली 'वॉशिंग्टन पोस्ट'ने दाखवून दिले. जून २००६ मध्ये विमानहल्ल्यात तो मारला गेला. त्याच्या मृत चेहऱ्याचे मोठे छायाचित्र चौकटीत बसवून वार्ताहरांपुढे ठेवण्यात आले. त्यानंतरच्या सहा महिन्यांत इराकमधील हिंसाचार कमी होण्याऐवजी वाढला.

त्याच्या मागून अबू ओमर अल बगदादी हे नाव पुढे आले. जुलै २००७ मध्ये अमेरिकन सैन्याच्या प्रवक्त्याने, असा कोणी माणूसच नाही, त्याचा आवाज एका नटाचा आहे, असे सांगितले. एप्रिल २००९ मध्ये इराक सरकारने त्याला पकडल्याचे जाहीर केले. आणि एप्रिल २०१० मध्ये तो चकमकीत ठार झाल्याची घोषणा झाली. जो अस्तित्वात नव्हता तो पकडला गेला आणि जो पकडला गेला होता तो वर्षभराने रानावनात मारला गेला. प्रत्येक घोषणा तितक्याच खात्रीने झाली होती. या शेवटच्या यशाचे वर्णन, संघटनेला बसलेला कदाचित सर्वांत मोठा आघात, असे करण्यात आले. मृताच्या जागी जो आला त्याचे नाव अबू बकर अल बगदादी. त्याला अमेरिकन सैन्याने २००४ साली पकडले होते, काही महिने बुक्का छावणीत ठेवले होते आणि विशेष महत्त्वाचा नाही म्हणून त्याच वर्षी सोडून दिले होते. जून २०१४ मध्ये त्याच्या फौजांनी मोसुल शहर घेतले. तिसऱ्या क्रमांकांची मोजदाद करणाऱ्या यंत्रणेला पुढचा पहिला क्रमांक हाती असताना ओळखता आला नाही.

अतिशयोक्तीचा खरा धोका येथे आहे. सरकार जनतेला फसवू पाहते आणि कालांतराने स्वतःच्याच घोषणेवर विश्वास ठेवू लागते. नेता मेला म्हणजे संघटना मेली, ही समजूत तिच्या मुळाशी असते. पण असंतोष ज्या कारणांनी पोसला जातो ती कारणे छायाचित्राच्या चौकटीत मावत नाहीत.

आपल्या उंबरठ्यावर

महाराष्ट्राला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. ८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावात, शब-ए-बारातच्या दिवशी, मशिदीच्या आणि कबरस्तानाच्या परिसरात स्फोट होऊन तीसहून अधिक माणसे मेली. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुस्लिम पुरुषांना अटक करून प्रकरण उलगडल्याचे जाहीर केले. त्यांतील बहुतेकांची सुमारे पाच वर्षे तुरुंगात गेली. पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेला त्यांच्याविरुद्ध पुरावा आढळला नाही आणि एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. एकाचा तोवर मृत्यू झाला होता. अटकेच्या वेळचा गाजावाजा ज्यांना आठवतो त्यांतील किती जणांना सुटकेची बातमी आठवते?

याच राज्यात उलट उदाहरणही घडले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात जिवंत सापडलेला अजमल कसाब हा सूत्रधार नव्हता, धाडलेला प्यादा होता. आणि त्याला सूत्रधार बनविण्याची गरज न्यायालयाला भासली नाही. आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयात साक्षी झाल्या, उलटतपासणी झाली, त्याला वकील मिळाला. त्याच निकालात दोन भारतीय सहआरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली कसाबची फाशी व त्या दोघांची सुटका दोन्ही कायम केली. १६६ जणांच्या हत्येनंतरही ज्याचे त्याला माप मिळू शकते, हे त्या खटल्याने दाखविले. तरीही मोह सुटला नाही. कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितल्याची गोष्ट त्या काळी सर्वतोमुखी झाली होती. त्याच्याविषयी निर्माण होऊ पाहणारी भावनिक लाट थोपविण्यासाठी ती आपणच रचली होती, असे विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ साली सांगितले. खटला पुराव्यावर उभा असताना गोष्टीची गरज काय होती? खरा पुरावा असूनही जेथे पदरचे काही घालावेसे वाटते, तेथे पुरावा नसताना काय होत असेल याची कल्पना करावी.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. गुप्तचर खात्याचे सर्व पुरावे चव्हाट्यावर मांडता येत नाहीत. मांडले तर पुढचे गुन्हेगार सावध होतील. आक्षेप रास्त आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष सरकारे समजतात त्याच्या नेमका उलट आहे. पुरावा गुप्त ठेवायचा असेल तर विशेषणही गुप्त ठेवावे. अमुक माणसाला अमुक ठिकाणी अटक झाली, त्याच्यावर अमुक आरोप आहे, तो न्यायालयापुढे उभा केला जाईल, एवढे सांगितल्याने कोणतेही गुपित फुटत नाही. 'सूत्रधार', 'उजवा हात', 'तिसऱ्या क्रमांकाचा नेता' हे शब्द मात्र निकालाचे शब्द आहेत. ते तपास सुरू होण्यापूर्वी उच्चारले, की तपासाला तेच सिद्ध करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. अबू झुबैदाच्या बाबतीत ते सिद्ध करण्यासाठी पाणी आणि खोकी लागली, आणि तरीही ते सिद्ध झाले नाही.

वृत्तपत्रांनी आणि त्यांच्या वाचकांनी यात काही करण्याजोगे असेल तर ते फार अवघड नाही. अशी बातमी आली की तिच्याकडे सेवाज्येष्ठतेच्या यादीकडे पाहणाऱ्या जुन्या हेडक्लार्कच्या नजरेने पाहावे. हा क्रमांक कोणी दिला? कोणत्या कागदावरून दिला? यापूर्वी याच जागेवर कोण होता? आणि सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, दहा वर्षांनी त्या माणसाचे पुढे काय झाले, हे विचारायला विसरू नये. ज्या पानावर अटक छापली जाते त्याच पानावर आरोपपत्र, निर्दोष सुटका आणि सरकारची कबुलीही छापली जावी. जोवर हा प्रश्न कोणी विचारत नाही, तोवर तिसऱ्या क्रमांकाची जागा रिकामी राहणार नाही. आणि त्या जागेवर बसविण्यासाठी पुढच्या वेळी कोणाला उचलले जाईल, हे कोणीही सांगू शकणार नाही.